बसायला जागा

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत शहरातून माणसांचे लोंढे गावाकडे निघाले. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, कायदा होऊन ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, हे तेव्हा सर्वमान्य झालं नव्हतं. दोष कोंदट हवेला आणि दाटीला दिला जाई. निदान अर्धवट होतं, उपाय मात्र पुढच्या कैक पिढ्यांना पुरला. समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते पाडले गेले. उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे आधी आखून मग बांधलेल्या वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या मोकळ्या जागा बांधकाम करून उरलेल्या नव्हत्या, मुद्दाम राखलेल्या होत्या. माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स त्यातलीच. जवळच दादरला १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ नावाचं मैदान लोकांसाठी खुलं झालं आणि १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याचं नाव शिवाजी पार्क झालं.

या मैदानाला आता शंभर वर्षं होऊन गेली. मोकळ्या सार्वजनिक जागा माणसांची प्रकृती आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं कसं सांभाळतात, हे पाहायला महाराष्ट्रात याहून चांगलं ठिकाण मला माहीत नाही. आणि जे इथे दिसतं ते इतर शहरांतही पडताळून पाहता येतं: माणूस जिथे पैसे न देता, कारण न सांगता, हवा तितका वेळ बसू शकतो आणि जिथून त्याला कोणी उठवू शकत नाही, ती चांगली जागा. बाकी सगळं, हिरवळ, कारंजी, दिवे, त्यानंतरचं.

शिवाजी पार्कचं क्षेत्रफळ साधारण २८ एकर. पण त्याचा प्राण त्या एकरांमध्ये नाही, त्याभोवतीच्या कट्ट्यात आहे. एक किलोमीटरहून थोडा लांब, बसल्यावर पाय सहज टेकतील इतक्या उंचीचा, माथ्यावर झाडांची सावली असलेला हा कट्टा म्हणजे मैदानाची हद्दही आहे आणि बैठकही. आत तोंड करून बसलं की क्रिकेटची नेट्स, मल्लखांब, फुटबॉल. बाहेर तोंड करून बसलं की रस्त्यावरून जाणारे ओळखीचे चेहरे. एकटं बसता येतं, दहा जणांत बसता येतं, कंटाळा आला की वीस पावलं सरकून दुसऱ्या घोळक्यात शिरता येतं. पहाटे फेऱ्या मारणारे, सकाळी पॅड बांधणारी मुलं, दुपारी डबा खाणारे, संध्याकाळी निवृत्त मंडळींचे ठरलेले अड्डे, रात्री कॉलेजची पोरं. रमाकांत आचरेकरांच्या नेटमधून सचिन तेंडुलकर घडला तो इथे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांचं नाव कुठेच छापून आलं नाही, पण ज्यांचे पन्नास पन्नास वर्षांचे मित्र या कट्ट्यावर जमले, त्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी. जोडीदार गेल्यावर घरात बोलायला कोणी न उरलेली माणसं इथल्या ठरलेल्या जागेच्या आधाराने दिवस काढतात. एक दिवस कोणी दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी घरी फोन जातो. कोणत्याही सरकारी आरोग्ययोजनेला ही चौकशी उभी करता आलेली नाही.

आखणीच्या भाषेत याचं स्पष्टीकरण विल्यम व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने १९७०च्या दशकात दिलं. न्यू यॉर्कमध्ये १९६१च्या नियमांनुसार बिल्डरांनी खाली मोकळं पटांगण सोडलं की त्यांना वर जास्त मजले मिळत. पटांगणं झाली, पण त्यांतली बरीच ओस पडलेली. व्हाइटने कॅमेरे लावून महिनोन्‌महिने माणसांचं चालणं-बसणं टिपलं. ऊन, आकार, वास्तूचं सौंदर्य असं सगळं तपासून तो ज्या निष्कर्षाला आला तो इतका साधा होता की आधी त्यालाच तो पुरेसा वाटला नव्हता: माणसं तिथे बसतात, जिथे बसायला जागा असते. १९७५ मध्ये न्यू यॉर्कने नियम बदलले आणि अशा पटांगणांत बसायची सोय सक्तीची केली. त्याचं आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. एखाद्या जागेत बायकांचं प्रमाण कमी दिसलं तर त्या जागेचं काहीतरी बिघडलंय असं समजावं, असं तो सांगे. त्याकडे पुढे येतोच.

त्याआधी पाराबद्दल. आपल्याकडे सार्वजनिक जागेचा विषय निघाला की गावचा पार, चावडी, नदीचा घाट, गोव्यातला तिंटो आणि घरापुढचा बल्कांव यांची आठवण निघते, आणि ती साहजिक आहे. पुण्यातला नागनाथ पार अजून पेठेची ओळख आहे. वाई-मेणवलीचे कृष्णेवरचे घाट पाहिले की दगडी पायऱ्यांइतकी सोपी आणि टिकाऊ बैठक दुसरी नाही हे पटतं. कोणीही कुठल्याही पायरीवर बसावं, पाणी चढलं की दोन पायऱ्या वर सरकावं. पण ही आठवण सरसकट गोड करून सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. या पारांवर आणि पाणवठ्यांवर कोणी यायचं नाही हे जातीने ठरवलेलं होतं. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर ते खुलं झालं, प्रत्यक्षात नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचं पाणी प्राशन केलं. पुढे न्यायालयात दावा चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या वर्षी दादरच्या मैदानाला शिवरायांचं नाव मिळालं, त्याच वर्षी महाडला ‘सार्वजनिक’ म्हणवणाऱ्या जागेचा खरेपणा पणाला लागला होता.

म्हणून ६ डिसेंबरचं शिवाजी पार्क मला त्या मैदानाचं सर्वांत मोठं रूप वाटतं. चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला राज्यभरातून, राज्याबाहेरून लाखो माणसं येतात आणि या मैदानात उतरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली कुटुंबं तिथे मुक्काम करतात, पुस्तकांच्या स्टॉलांवर रांगा लागतात, शिदोऱ्या सोडून जेवतात, रात्री भीमगीतं होतात. या दिवसांतली गर्दी, कचरा, वाहतूक यांबद्दल कुरकुर ऐकू येते. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र ठरवला, त्यामागे रहिवाशांची रास्त तक्रार होती आणि रोजच्या ध्वनिक्षेपकांपासून सुटका त्यांना मिळायलाच हवी. पण मैदान शेजाऱ्यांचं असतं तसंच ते दुरून आलेल्यांचंही असतं. चांगली देखभाल म्हणजे या दोघांची सोय लावणं: पाणी, शौचालयं, मांडव, सफाई. दोघांपैकी एकाला हुसकावणं सोपं असतं आणि त्यातच जागेचा ऱ्हास सुरू होतो.

आता बायकांकडे. पाणवठा ही बायकांची घराबाहेर थांबण्याची हक्काची जागा होती, कारण तिथे जाण्याला काम होतं. नळ घरात आला, कष्ट वाचले, हे उत्तमच झालं. पण त्याबरोबर गेलेली थांबायची जागा दुसऱ्या कुठल्या रूपात परत मिळाली नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं, त्याचा अभ्यासविषय मुंबईच होता, म्हणजे देशातलं बायकांना सर्वांत मोकळं समजलं जाणारं शहर. तिथेही बाई रस्त्यावर उभी असेल तर तिला काहीतरी कारण दाखवावं लागतं: हातात पिशवी, कानाला फोन, बसची वाट. पुरुष पानाच्या टपरीपाशी तासभर नुसता उभा राहतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. ‘सुरक्षितता’ या शब्दाखाली बायकांना घरी बसवण्यापेक्षा त्यांना विनाकारण बाहेर रेंगाळता आलं पाहिजे, अशी त्या तिघींची मागणी आहे. मला ती या विषयावरची आपल्याकडची सर्वांत नेमकी मागणी वाटते.

आखणी इथे काय करू शकते याचं उत्तर व्हिएन्नात सापडतं. तिथल्या बागांत साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात, हे १९९०च्या दशकातल्या पाहणीत आढळलं. कारण असं की बागेत एकच मोठं मैदान होतं आणि ते मोठ्या मुलांनी फुटबॉलसाठी व्यापलेलं. १९९९ मध्ये आइन्सीडलर पार्कसह दोन बागांची फेररचना झाली: मोठ्या मोकळ्या जागेचे लहान भाग पाडले, वाटा आणि प्रकाश वाढवला, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसारख्या खेळांना जागा दिली. मुली परतल्या. कोणावर बंदी घालावी लागली नाही. आपल्याकडे याच्या आधीची पायरी अजून बाकी आहे. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने दाखवून दिलं की स्वच्छ, मोफत मुतारी नसेल तर बाई बाहेर किती वेळ थांबणार हे आधीच ठरून जातं. ती पाणी कमी पिते, लवकर निघते. बागेचा आराखडा पाहताना मी आता पहिल्यांदा शौचालय कुठे आहे ते शोधतो, आणि ते रात्री उजेडात येतं का ते पाहतो.

मोकळ्या जागेने तब्येत सुधारते याला अनुभवापलीकडे काही पुरावा आहे का, असं विचारणाऱ्यांसाठी दोन अभ्यास सांगतो. पहिला फिलाडेल्फियातला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. शहरातले ५४१ पडीक भूखंड निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे गट केले. काहींवर कचरा काढून गवत पेरलं, थोडी झाडं लावली, आत जाता येईल असं बुटकं लाकडी कुंपण घातलं. काहींचा फक्त कचरा काढला. काही तसेच ठेवले. आधी आणि नंतर शेजाऱ्यांना त्यांच्या मनःस्थितीबद्दल विचारलं. हिरव्या केलेल्या भूखंडांशेजारी राहणाऱ्यांत खिन्न वाटत असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण, काहीच न केलेल्या भूखंडांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं; गरीब वस्त्यांत त्याहूनही जास्त. नुसता कचरा उचलल्याने तसा फरक पडला नाही. एवढ्याशा खर्चात इतका परिणाम देणारं औषध कोणी शोधलं असतं तर त्याची केवढी चर्चा झाली असती.

दुसरा अभ्यास शिकागोचा. जुलै १९९५च्या उष्णतेच्या लाटेत तिथे ७३९ माणसं दगावली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लाइननबर्ग यांनी दोन शेजारशेजारच्या वस्त्या तपासल्या. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे. पण एका वस्तीतला मृत्युदर दुसरीच्या दसपट. फरक रस्त्याचा होता. एकीकडे दुकानं, गजबजलेले पदपथ, बसण्या-थांबण्याच्या जागा, म्हणून म्हातारी माणसं उकाड्यात बाहेर पडली, कोणाच्या तरी नजरेत राहिली. दुसरीकडे ओसाड भूखंड आणि बंद दुकानं. तिथली माणसं दारं लावून घरात बसली आणि घरातच गेली. विदर्भ-मराठवाड्यातले उन्हाळे ज्यांना ठाऊक आहेत त्यांनी ही गोष्ट फार लक्ष देऊन वाचावी. सावलीचं झाड आणि त्याखालचा बाक यांचा हिशेब आपण सौंदर्यात धरतो. तो आपत्ती व्यवस्थापनात धरायला हवा. आणि याच संदर्भात, दुपारी अकरा-चारच्या दरम्यान बागांना कुलूप लावण्याची आपल्या कितीतरी शहरांतली पद्धत मला अजिबात पटत नाही. डिलिव्हरी करणारा मुलगा, घरकामाच्या दोन खेपांमध्ये सापडलेली बाई, उन्हात फिरणारा विक्रेता यांना सावलीची गरज नेमकी तेव्हाच असते.

कधी कधी अशा जागेतून जगाला पुरणारी गोष्ट निघते. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका सार्वजनिक बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला. आज त्याच्या शाखा देशोदेशी आहेत. त्या बागेला तिकीट असतं किंवा पहारेकऱ्याने ‘इथे आवाज करू नका’ म्हटलं असतं, तर हे घडलं नसतं.

पुण्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथे शहराच्या मधोमध टेकड्या आहेत आणि पुणेकराचं त्यांच्याशी नातं फार जुनं आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती. पहाटे तिथे चढणाऱ्यांत हृदयविकारातून उठलेले असतात, पोलीसभरतीची तयारी करणारी मुलं असतात, पाठीवरच्या पिशवीतून पाण्याच्या बाटल्या नेऊन उन्हाळ्यात रोपं जगवणारे असतात. ही जागा कोणी आखली नाही, पण ती राखण्यासाठी मात्र आखणीच लागली. समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टिकावं म्हणून नागरिकांनी वर्षानुवर्षं झगडा दिला आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने ते मान्य केलं. २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरून रस्ता आणि पोटातून बोगदे नेण्याच्या योजनेविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरली. सारसबागेचा इतिहासही बोलका आहे: पेशव्यांच्या काळात ते तळं होतं, तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला, पुढे पाणी हटवून बाग झाली. तळ्यातल्या गणपतीभोवती आज संध्याकाळी जितकी जातीधर्मांची, पेठांची आणि उपनगरांची सरमिसळ दिसते तितकी शहरात क्वचितच कुठे दिसत असेल.

त्याच पुण्याने रस्त्यालाही सार्वजनिक जागा मानायला सुरुवात केली. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद करून तिथे बाक आणि मुलांच्या खेळाला जागा दिली. ११ डिसेंबर २०२१ला लक्ष्मी रस्ता दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. कोपनहेगनने स्ट्रॉयट हा आपला मुख्य रस्ता १९६२ मध्ये चालणाऱ्यांसाठी मोकळा केला तेव्हा तिथले दुकानदारही धंदा बुडेल म्हणून घाबरले होते. तो रस्ता आजही चालणाऱ्यांचाच आहे. बोगोटामध्ये १९७०च्या दशकापासून दर रविवारी शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते सायकली आणि पायी फिरणाऱ्यांना मिळतात. लक्ष्मी रस्त्याला वर्षातून एक दिवस मिळणं ही चांगली सुरुवात आहे, पण सुरुवातच.

आता जिथे बिघडतं त्याबद्दल. मुंबईत दरडोई खुली जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते; केंद्र सरकारच्या २०१४च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेने सुचवलेलं प्रमाण १० ते १२ चौरस मीटर. जिथे इतकी टंचाई आहे तिथे असलेली प्रत्येक जागा जपायला हवी होती. त्याऐवजी मैदानं ‘दत्तक’ देण्याच्या धोरणाखाली काही ठिकाणी क्लब उभे राहिले आणि सदस्यत्व नसलेला माणूस फाटकाबाहेर राहिला. २०१६ मध्ये लोकांच्या विरोधानंतर ते धोरण थांबवावं लागलं. याच शहरात उलट उदाहरणंही आहेत. ओव्हल मैदान उकिरड्याच्या अवस्थेला पोहोचलं तेव्हा शेजारच्या रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली, देखभाल अंगावर घेतली आणि मैदान खेळणाऱ्यांसाठी खुलंच ठेवलं. २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ते परिसरासह गेलं. माटुंग्याच्या लोकांनी उड्डाणपुलाखालची जागा वाहनतळ होऊ न देता तिथे चालण्याची वाट आणि बाग करून घेतली. रहिवाशांनी जबाबदारी घ्यावी आणि मालकी घेऊ नये, ही रेघ या दोन्ही ठिकाणी सांभाळली गेली.

लहान शहरांत दुखणं वेगळं आहे. तिथे जागा आहे, पण ‘सुशोभीकरण’ नावाचं काम तिच्यावर कोसळतं. झाडाच्या बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक, गंजलेली ओपन जिम, गावाच्या नावाची चमकती अक्षरं असलेला सेल्फी पॉइंट, उद्घाटनानंतर बंद पडलेलं कारंजं. सावली देणारं झाड तोडून तिथे शोभेचे पाम. आणि या सगळ्यात टेकून बसता येईल असा बाक शोधावा लागतो. हा पैसा वाया जातो याहून मोठं नुकसान असं की लोकांची त्या जागेवरची सवय मोडते, आणि एकदा मोडलेली सवय सहजासहजी परत येत नाही.

हे थांबवण्याचे दरवाजे कायद्यात आहेत. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती आणि सूचना देता येतात. त्याच कायद्याच्या कलम १२७ मध्ये मोठा धोकाही आहे: बागेसाठी किंवा मैदानासाठी आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही तर आरक्षण संपुष्टात येतं. नकाशावर हिरवी दिसणारी कितीतरी मैदानं अशी गुपचूप नाहीशी होतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांना प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. एक बाक, एक दिवा, पदपथाचा एक तुकडा त्यातून मागता येतो.

आपल्या गावाचा आराखडा पालिकेत जाऊन पाहा. आपल्या प्रभागात बागेसाठी, मैदानासाठी कोणती जमीन राखली आहे आणि आरक्षणाला किती वर्षं झाली ते लिहून घ्या. मग त्या जागेवर प्रत्यक्ष जा, आणि दहा वर्षं भरायच्या आत ती जमीन ताब्यात घेण्याची लेखी मागणी करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.